जलरंगात चित्र मळकट होतं, उजेड येत नाही: कारण कुठे शोधायचं

जागेवर बसून केलेलं निसर्गचित्र घरी आणून भिंतीला टेकवलं की त्यात ऊन दिसत नाही. आकाश, झाड, घाटाच्या पायऱ्या सगळं जागच्या जागी असतं, रेखाटनही बरं असतं, पण चित्रावर करडी कळा पसरलेली असते. "चित्र मळलं," असं आपण म्हणतो आणि पुढच्या वेळी रंग जास्त घालतो. पिवळा आणखी पिवळा, निळा आणखी निळा. मग चित्र भडक होतं आणि ऊन तरीही येत नाही. त्याच्या पुढच्या वेळी भीतीने सगळंच फिकट राहतं.

इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या मुलांपासून नोकरी सांभाळून पुन्हा ब्रश हातात घेतलेल्यांपर्यंत, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते, आणि एकदा सुटली असं वाटल्यावर पुन्हा येते. पुन्हा येण्याचं कारण असं की ती दुरुस्त करताना आपण नेहमी रंगावर उपाय करतो. दहातल्या बहुतेक चित्रांमध्ये बिघाड रंगात नसतो, उजळ-गडदात असतो. टोन, म्हणजे कुठली जागा किती उजळ किंवा गडद ते, जागेवर आले की रंगात खूप मोकळीक मिळते. झाड जांभळं केलं तरी ते उन्हात उभं असल्यासारखं दिसतं. टोन चुकले तर महागातल्या महाग ट्यूबसुद्धा उपयोगी पडत नाहीत.

आधी निदान

चित्र पूर्ण वाळू द्या. सावलीत ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोतला रंग काढून टाका. एडिटमध्ये सॅच्युरेशन अगदी खाली आणलं की काम होतं. त्या जागेचा फोटो असेल तर तोही तसाच कृष्णधवल करा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

कृष्णधवलमध्येही चित्र सपाटच दिसत असेल, सगळं एकाच करड्या रंगात मिसळून गेलं असेल, तर दोष टोनचा आहे. कृष्णधवल फोटो छान, त्यात ऊन-सावली स्पष्ट, पण रंगीत चित्र मात्र मळकट असेल, तर रंग मिसळण्यात काहीतरी बिघडतंय. ओलं असताना सुंदर दिसत होतं आणि वाळल्यावर मेलं असेल, तर पाणी, कागद आणि हवा तपासायची. जागेवर छान वाटलं पण घरी गडद किंवा विटकं दिसलं, तर तुम्ही कुठे बसून रंगवत होतात हा प्रश्न आहे.

फोनची ही चाचणी अगदी तंतोतंत नसते. भडक लाल आणि गडद निळा रंग तो कधी कधी डोळ्याला दिसतो त्याहून वेगळ्या टोनमध्ये दाखवतो. म्हणून डोळे किलकिले करूनही चित्राकडे पाहा. बारकावे पुसले जातात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. ते आकार उरलेच नाहीत तर निदान झालंच.

काळा दगड आणि पांढरी भिंत

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर चित्रकारांची गर्दी असते, कारण तिथे छाया-प्रकाशाचा सगळा अभ्यास एका जागी मिळतो. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, पाणी, मोठी झाडं, भिंती. शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगतही तिथेच होते. दगड काळा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून पायऱ्या गडद रंगवल्या जातात. एखादी भिंत चुन्याची आहे हे माहीत असतं, म्हणून तिची सावलीतली बाजूसुद्धा जवळपास कोरी सोडली जाते. चित्रातलं ऊन तिथेच संपतं.

थोडा हिशेब करून पाहा. निरभ्र दुपारी थेट उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) इतका प्रकाश पडतो. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत तो १०,००० ते २०,००० लक्सच्या आसपास असतो. चुन्याची भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ८० टक्के परत पाठवते. धूळ बसलेला, पावलांनी झिजलेला बेसॉल्ट, म्हणजे घाटाचा काळा दगड, १५ टक्क्यांच्या आसपास पाठवतो. म्हणजे सावलीतल्या पांढऱ्या भिंतीकडून डोळ्यात येणारा प्रकाश आणि उन्हातल्या काळ्या पायरीकडून येणारा प्रकाश जवळजवळ सारखाच! कागदावर दोघांचा टोन एकच हवा. कधी कधी तर दगड भिंतीपेक्षा उजळ हवा.

हे पटत नाही, कारण मेंदू सावलीचा परिणाम परस्पर वजा करून वस्तूचा 'खरा' रंग आपल्यापुढे ठेवतो. एडवर्ड अ‍ॅडेलसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र तयार केलं. त्यात उन्हातला काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन हे अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत, तरी पाहणाऱ्याला ते काही केल्या सारखे दिसत नाहीत. रोजच्या जगण्यात हा गुण फार उपयोगाचा, नाहीतर सावलीत ठेवलेलं दूध आपल्याला करडं दिसलं असतं. चित्र काढताना मात्र तो आडवा येतो.

त्याला बाजूला करण्याचं साधन घरी तयार करता येतं. करड्या रंगाच्या जाड कार्डाचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि पंचिंग मशीनने त्याला एकमेकांशेजारी दोन भोकं पाडा. एक डोळा मिटून, हात लांब करून, एका भोकातून उन्हातली पायरी आणि दुसऱ्यातून सावलीतली भिंत दिसेल असं कार्ड धरा. आता भिंत आणि दगड नाहीत, रंगाचे दोन ठिपके आहेत. कुठला उजळ, कुठला गडद, ते तिथल्या तिथे कळतं. हे कार्ड पेटीत कायम ठेवा. शिकवताना मी इतर कुठल्याही साधनापेक्षा यावर जास्त भर देतो.

वर्गात एक नियम सांगतात: सावलीतला सगळ्यात उजळ भाग उन्हातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असला पाहिजे. एका रंगाच्या वस्तूंसाठी हा नियम चांगला आहे. प्लास्टरच्या ठोकळ्यांचं स्थिरचित्र करताना तो बरोबर चालतो. पण घाटावर दगडही आहे आणि चुनाही आहे. तिथे नियमापेक्षा कार्डावर विश्वास ठेवा.

आता दुसरी अडचण. उन्हातली पांढरी भिंत आणि तिच्यातल्या दाराआडचा अंधार यांच्यात प्रकाशाचा फरक शेकडो पटींचा असू शकतो. चांगला पांढरा कागद ८५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो आणि आपला सगळ्यात गडद रंग चार-पाच टक्के. म्हणजे आपल्या हातात साधारण वीस पटींचाच आवाका असतो. समोरचं जसंच्या तसं उतरवणं शक्यच नसतं, काय उजळ ठेवायचं ते ठरवावं लागतं. कागदाच्या पांढऱ्याहून उजळ काहीच आपल्याकडे नाही, म्हणून एखादी जागा पेटल्यासारखी दिसायला हवी असेल तर बाकीच्या जागा खाली उतरवाव्या लागतात.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. ते जलरंगातलं आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं आतून उजळल्यासारखी केशरी दिसतात आणि चेहऱ्यावर खालून उजेड येतो. छापील प्रत मिळाली तर एक करून पाहा: चित्रातल्या खऱ्या अर्थाने उजळ जागा बोटाने झाकत जा. त्या फार थोड्या आहेत. उरलेलं जवळजवळ सगळं चित्र मधल्या आणि गडद टोनमध्ये शांतपणे खाली ठेवलेलं आहे, आणि त्या खाली ठेवण्यातूनच दिवा लागला आहे.

टोनवरचा उपाय

पाठकोऱ्या कागदावर पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा चौकोन आखा. एकच रंग घ्या. सेपिया चालेल, किंवा अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून होणारा गडद करडा. तीनच टोन वापरायचे. उन्हाला कोरा कागद, सावलीला मधला टोन आणि दाराखिडक्यांच्या आतला अंधार, फांद्यांची दाटी अशा थोड्या जागांना गडद. पाच मिनिटांच्या वर वेळ लावू नका. बरं झालं नाही तर शेजारी दुसरा चौकोन आखा. चित्र कागदावर येण्याआधी त्याचा निकाल इथेच लागतो.

यात एक गोष्ट जीव लावून करायची: सावल्या जोडायच्या. झाडाची सावलीकडची बाजू, खोडावरून उतरणारी सावली, जमिनीवर पडलेली सावली, पुढच्या भिंतीवर चढलेली सावली यांचा एकच सलग आकार करायचा. वस्तू वेगळ्या असल्या तरी आकार एक. शिकणारे झाडाची सावली झाडात रंगवतात, जमिनीची जमिनीत, भिंतीची भिंतीत, प्रत्येक वेळी वेगळा रंग कालवून, मध्ये पांढऱ्या फटी सोडून. चित्राचे तुकडे होतात आणि उजेड त्या फटींमधून गळून जातो. मोठ्या कागदावरही हीच पद्धत ठेवा. पहिला पातळ वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) उन्हाच्या रंगांचा, सगळीकडे, सोडायच्या पांढऱ्या जागा सोडून. तो पूर्ण वाळला की सावलीचा दुसरा वॉश, मोठ्या ब्रशने, एका दमात, रंग जागोजागी बदलत पण ओल न तोडता.

हा दुसरा वॉश किती गडद? तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच. पॅलेटवर "आता फार होतंय" असं वाटेल तेव्हा तो साधारण बरोबर असतो.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तासात सावल्या इतक्या फिरतात की सुरुवातीला रंगवलेली आणि शेवटी रंगवलेली सावली वेगवेगळ्या दिशांना पडते. पाहणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. छोट्या चौकोनात सावलीचा आकार एकदा ठरला की तोच शेवटपर्यंत धरायचा. समोर ती कितीही सरकली तरी तिच्या मागे जायचं नाही.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाच्या तळ्याकाठी राहून तेच तळं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं. उजेड शिकण्याची याहून चांगली वाट मला माहीत नाही. दर रविवारी नवीन जागा शोधण्यापेक्षा घराजवळची एकच जागा निवडा आणि सकाळी, भर दुपारी आणि उन्हं उतरताना तिचे तीन-टोनी चौकोन करा. जागा तीच असल्यामुळे बदलला तो फक्त उजेड, हे हाताला कळतं.

टोन बरोबर, तरीही रंग मळकट

मिश्रणात किती रंगद्रव्यं गेली ते मोजा. ट्यूबच्या बाजूला बारीक अक्षरांत रंगद्रव्याची खूण छापलेली असते. अल्ट्रामरीन ब्लू म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, क्विनाक्रिडोन रोज पीव्ही १९. काही ट्यूबवर अशा दोन-तीन खुणा असतात. सॅप ग्रीन आणि पेन्स ग्रे हे रंग बहुधा मिश्रणातूनच केलेले असतात. म्हणजे सॅप ग्रीनमध्ये तुम्ही लाल आणि निळा घातलात तर हाताने तीन रंग मिसळले, पण कागदावर चार-पाच द्रव्यं गेली. प्रत्येक द्रव्य प्रकाशातला आपापला वाटा खातं, आणि शेवटी कागदापर्यंत जाऊन परत येणारा प्रकाशच उरत नाही. पारदर्शक जलरंगाची सगळी चमक ही कागदावरून परतलेल्या प्रकाशाची असते. एका मिश्रणात दोन, फार तर तीन द्रव्यं, ही मर्यादा पाळली तरी निम्मा मळ जातो.

दुसरं कारण रंगांच्या कलाचं आहे. शाळेच्या रंगचक्रात लाल अधिक निळा म्हणजे जांभळा असं शिकवतात. व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरीन मिसळा, तपकिरी करडं काहीतरी मिळेल. कारण व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला लाल आहे आणि पिवळा जांभळ्याचा विरोधी. क्रिम्सनकडे किंवा गुलाबीकडे झुकलेला लाल घेतला की त्याच निळ्यातून स्वच्छ जांभळा येतो. हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि थॅलो ब्लूमधून पोपटी, झणझणीत हिरवा येतो. गडद, केशरीकडचा पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळले की जुन्या पानांचा शांत हिरवा येतो. दोन्ही हिरवे उपयोगाचे आहेत, फक्त कुठला हवा ते आधी ठरवून मिसळा. एक संध्याकाळ चित्र न काढता आपल्या पेटीतल्या प्रत्येक निळ्याची प्रत्येक पिवळ्याशी आणि प्रत्येक लालाशी जोडी लावून तक्ता करा आणि तो समोर लावून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण आत्मविश्वास त्यातूनच येतो.

सावलीसाठी काळी ट्यूब वापरत असाल तर काही दिवस ती बाजूला ठेवा. उघड्या जागेतली सावली अंधारी नसते, तिच्यावर आकाशाचा निळा उजेड पडत असतो, म्हणून वर तोंड करून असलेले सावलीतले भाग थंड, निळसर दिसतात. खाली तोंड केलेल्या भागांवर मात्र जमिनीवरून उसळलेलं ऊन येतं. कोकणात तांबड्या मातीच्या अंगणासमोरच्या पडवीचं छप्पर खालून पाहा. ते सावलीत असूनही केशरी झालेलं असतं. एकाच सावलीत वर निळसर आणि खाली उबदार असा बदल ओल्यातच करता आला की ती सावली श्वास घेते. टोन मात्र सारखाच ठेवा, रंग बदलू दे.

शेजारच्या रंगाचा परिणाम हे प्रकरण शिकणारे हमखास विसरतात. फ्रान्समध्ये पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात मिशेल यूजेन शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तो काळा दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगाईत काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा दुबळा दिसत होता. या अभ्यासातून १८३९ मध्ये त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम पुस्तकरूपाने मांडला.

आपल्यासाठी याचा अर्थ फार व्यवहारी आहे. उन्हाचा पिवळा फिका वाटतोय म्हणून त्यावर पुन्हा पिवळा चढवू नका, कारण प्रत्येक थराने कागद झाकला जातो. त्याच्या शेजारची सावली जरा जांभळटाकडे न्या, थोडी गडद करा, आणि पिवळ्याला हात न लावता तो पेटतो. जो रंग बिघडलाय असं वाटतं, त्याच्या शेजाऱ्याला दुरुस्त करून बघायची सवय लावून घ्या.

पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला. पॅलेटवर सुकलेला जुना करडा प्रत्येक नव्या मिश्रणात येत असेल तर तो पुसून टाका. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

ओलं असताना छान, वाळल्यावर मेलेलं

ओल्या रंगात तंतू आणि रंगकण यांच्यामधल्या जागा पाण्याने भरलेल्या असतात. वाळल्यावर तिथे हवा येते, पृष्ठभागावर प्रकाश जास्त विखुरतो आणि रंग फिकट, पांढुरका दिसतो. म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटेल असा रंग लावायचा. अंदाज येईपर्यंत त्याच कागदाचा तुकडा शेजारी ठेवून त्यावर आधी वाळवून पाहा.

साध्या कार्ट्रिज (ड्रॉइंगच्या) कागदावर रंग आत न मुरता वरवरच बसतो, त्यामुळे दुसरा वॉश दिला की पहिला उखडून गढूळ होतो. सराव त्यावर खुशाल करा, पण वॉश मळतोय ही तक्रार असेल तर एकदा ३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड) कापसाच्या कागदावर तेच चित्र करून पाहा. पाव आकाराचा ताव पुरेल. पुष्कळदा दोष हाताचा नसून कागदाचा होता हे कळतं आणि मनावरचं ओझं उतरतं.

वॉशला पुन्हा हात कधी लावायचा हे कळणं सगळ्यात अवघड. कागद तिरपा करून पाहा. पाण्याची चकाकी आहे तोवर त्यात रंग सोडता येतो. चकाकी गेली पण बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर कागद थंड लागतो, ही धोक्याची वेळ. आता ब्रश लावलात तर बसत आलेले रंगकण उचकटतात, डाग फुटतात, फुलकोबीसारख्या कडा येतात. बहुतेक चित्रं याच वेळेत मळतात, कारण नेमकी तेव्हाच एखादी चूक नजरेत भरते. ब्रश खाली ठेवा आणि कागद कोरडा, खोलीच्या तापमानाचा लागेपर्यंत थांबा.

हा काळ हवेवर ठरतो. मे महिन्यात नागपूरला ब्रश पॅलेटकडून परत येईपर्यंत वॉश वाळतो आणि जुलैत रत्नागिरीला तासाभरानेही तो ओलाच असतो. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर बसवा, ब्रश एक-दोन नंबर मोठा घ्या, सकाळी लवकर बसा. पावसाळ्यात थर कमी करा आणि रंगात पाणी कमी ठेवा. घरात काम असेल तर हेअर ड्रायर जरा लांब धरून वापरायला हरकत नाही.

पावसाळ्यातला सपाटपणा

ही वेगळी तक्रार आहे आणि उन्हाची औषधं तिला लागू पडत नाहीत. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आकाशातून, मुख्यतः वरून येतो. जमिनीवर ठसठशीत सावल्या पडतच नाहीत. तिथे उजळ-गडद ठरतं ते पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर. शेत, रस्ता, छप्पर, पाणी हे आडवे असल्यामुळे उजळ, तर भिंती, झाडांच्या बाजू आणि बांध उभे असल्यामुळे गडद. इतकं सांभाळलं तरी पावसाळी चित्र उभं राहतं.

आकाश करडं आहे म्हणून ते गडद रंगवू नका. सगळा उजेड तिथूनच येतोय, त्यामुळे ढगाळ आकाशसुद्धा जवळजवळ नेहमी जमिनीपेक्षा उजळ असतं. काळाभोर ढग चढून आलेला असताना फटीतून आलेलं ऊन शेतावर पडतं, तेव्हा मात्र आकाश जमिनीहून गडद होतं. ती वेळ मिळाली तर सगळं सोडून तेच रंगवा.

आणि हिरवा. सह्याद्रीत ऑगस्टमध्ये समोर फक्त हिरवाच दिसतो, आणि एका ट्यूबमधून तो सगळीकडे फासला की चित्र गालिच्यासारखं सपाट होतं. दूरचे डोंगर हिरवे असले तरी मधल्या ओल्या हवेमुळे निळसर करडे आणि फिकट दिसतात. ते हिरवे आहेत हे विसरा. मधल्या हिरव्यात थोडा बर्न्ट सिएना किंवा लाल घालून त्याचा आवाज खाली आणा. स्वच्छ पोपटी हिरवा एखाद्या भाताच्या खाचरापुरता राखून ठेवा. जांभ्याचा ओला दगड किंवा तांबडी वाट समोर असेल तर ती जरूर घ्या, ओली झाल्यावर ती जास्त गडद आणि जास्त तांबडी दिसते, आणि तिच्या शेजारी दबलेला हिरवाही जिवंत होतो. शेव्ह्रलचा नियम इथेही कामाला येतो.

जागेवर छान, घरी गडद

कागदावर थेट ऊन येत असेल तर चित्र डोळ्यांना खूप उजळ दिसतं आणि ते खाली आणण्यासाठी हात आपोआप गडद रंग लावतो. घरात आणल्यावर ते काळवंडलेलं दिसतं. उलट गर्द सावलीत बसून रंगवलेलं चित्र पुष्कळदा फिकट राहतं. कागद आणि पॅलेट दोन्ही मोकळ्या सावलीत येतील असं बसा आणि अधूनमधून बोर्ड उचलून दहा पावलं लांब ठेवून पाहा. रंगीत छत्री घेऊ नका, तिच्यातून आलेला उजेड कागदाला रंग देतो आणि तुम्ही नकळत त्याच्या विरुद्ध रंग लावत राहता. काळी छत्री चांगली. भडक लाल किंवा पिवळा शर्टसुद्धा कागदावर उजेड टाकतो. गॉगल काढून ठेवा.

रात्री घरी काम करणाऱ्यांना पिवळ्या बल्बखाली पिवळा रंग दिसतच नाही आणि निळा मेल्यासारखा वाटतो. ५,००० ते ६,५०० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेला एलईडी दिवा घ्या. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, ते पाहूनच घ्या.

झालेलं चित्र वाचवायचं असेल तर

हरवलेली उजळ जागा परत काढता येते, पण सगळ्या रंगांवर नाही. चित्र पूर्ण वाळल्यावर सपाट, जरा ताठ केसांचा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून पिळून घ्या, ती जागा हलकेच ओली करा, चोळू नका, आणि टिश्यूने दाबून रंग उचला. अल्ट्रामरीन आणि मातीचे रंग बऱ्यापैकी उठतात. थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन आणि क्रिम्सन कागदात रुतून बसतात आणि त्यांची छटा उरतेच, म्हणून जिथे उजेड उचलावा लागेल असा अंदाज असतो तिथे हे रंग आधीच टाळलेले बरे. कार्ट्रिजवर असं एकदाच करता येतं, दुसऱ्यांदा कागदाचे तंतू निघतात.

जलरंगात पांढरा वापरणं पाप मानणारे आहेत. मला ते पटत नाही. पाण्यावरची चमक, तारेवर पडलेलं ऊन, साडीचा काठ अशा बारीक जागी शेवटी घट्ट पांढरा गवाश (अपारदर्शक जलरंग) लावला तर चित्राचं काही बिघडत नाही. मात्र तो बाकीच्या रंगांत मिसळून सगळीकडे गेला की रंग खडूसारखे पांढुरके होतात आणि कागदातून येणारा उजेड बंद होतो. त्यासाठी वेगळा ब्रश आणि वेगळी ताटली ठेवा.

सावल्या कमी गडद राहिल्या असतील तर ते सगळ्यात सोपं. अल्ट्रामरीन आणि जरासा बर्न्ट सिएना यांचा पारदर्शक वॉश सगळ्या सावल्यांवरून एकदाच, मऊ मोठ्या ब्रशने, खालचा रंग न घासता फिरवा. उन्हाच्या जागांना हात लावू नका. वाळल्यावर पुन्हा फोटो काढा आणि आधीच्या कृष्णधवल फोटोशी ताडून पाहा.